थंडीचे दिवस आणि हातमोजे : घरातल्या प्रत्येकासाठी एक जोड

परभणीचे नाव महाराष्ट्रभर वर्षातून दोनदा घेतले जाते. एकदा मे महिन्यात, उन्हाने अंगाची लाही होते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा डिसेंबर-जानेवारीत, राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत. २०१८ सालच्या डिसेंबरअखेरीस वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा २ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्या सकाळी गवतावरचे दव गोठल्याच्या गोष्टी लोक अजून सांगतात. परंतु उन्हाळ्याची जशी आपण आधीपासून तयारी करतो, माठ आणतो, पडदे लावतो, पन्हे करतो, तशी थंडीची तयारी आपल्याकडे होत नाही. 'चार दिवसांची तर थंडी' असे म्हणून आपण वेळ मारून नेतो.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. साठी ओलांडलेले एक शेतकरी सकाळी सकाळी दवाखान्यात आले. दोन्ही हात उपरण्यात गुंडाळलेले. उपरणे सोडले तर बोटांच्या टोकांवर पाण्याने भरलेले मोठमोठे फोड. रात्री गव्हाला पाणी द्यायला गेले होते. बारे मोडता-मोडता हात बधिर झाले, म्हणून बांधावर तुराट्यांची शेकोटी पेटवली आणि हात शेकत बसले. मी विचारले, "काका, एवढे भाजेपर्यंत चटका बसला नाही?" ते म्हणाले, "बाई, हाताला काही कळलंच न्हाई." त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह होता. बोटांची जाणीव आधीच कमी झालेली, त्यात थंडीचा बधिरपणा. जखमा भरून यायला दोन महिने लागले. एका बोटाचे टोक तर जाता जाता वाचले.

त्यांच्या खांद्यावर घोंगडी होती, कानाला मफलर होता, पायात बूट होते. फक्त हात उघडे होते. तेव्हापासून मनात होते की एकदा हातांविषयी लिहावे. आणि नुसते 'हात जपा' असे सांगून न थांबता हातमोजे कसे विणावेत तेही सांगावे. कारण वाचकहो, तुमची ही डॉक्टरीणबाई दवाखान्यात गर्दी नसली की टेबलाच्या खणातून सुया आणि लोकर काढून बसते, हे गावात सर्वांना ठाऊक आहेच!

हातच आधी गार का पडतात?

आपल्या शरीराचे एक शहाणपण आहे. थंडी वाजू लागली की ते आधी हृदय, फुप्फुसे, मेंदू यांना ऊब राखते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडे जाणारे गरम रक्त कमी होते. म्हणून बोटे गार, फिकी आणि बधिर होतात. बोटांचा आकार लांब आणि बारीक असल्यामुळे त्यांची ऊब चारही बाजूंनी भराभर निघून जाते. हात ओले असतील आणि वर वारा असेल तर आणखी लवकर.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, अंग उघडे ठेवून नुसते हातमोजे घातले तर उपयोग थोडाच. आधी छाती, पाठ, कान झाकावे, मग हात. दुसरी, पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीचे हातमोजे अधिक ऊबदार असतात. पिशवीचे म्हणजे अंगठा तेवढा वेगळा आणि उरलेली चार बोटे एकाच खोळीत. त्यात बोटे एकमेकांना ऊब देतात आणि बाहेरच्या हवेला लागणारा भागही कमी होतो. युरोपातील बर्फाळ देशांत म्हणूनच या प्रकाराला मान आहे. लाटव्हिया या छोट्या देशाने २००६ साली आपल्या राजधानीत मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवली तेव्हा आलेल्या पाहुण्यांना भेट म्हणून हाताने विणलेले साडेचार हजार जोड हातमोजे दिले होते! शिवाय विणणाऱ्याच्या दृष्टीनेही ते सोपे. चार बोटे वेगळी विणण्याची कटकट नाही.

आपल्या जिल्ह्यात गरज कोणाला?

'हातमोजे काश्मिरात लागतात, इथे कशाला?' असे वाचक विचारतील. आपल्याकडे दुपारी ऊन चांगले तापते. रात्री मात्र आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असल्याने जमीन झपाट्याने गार होते. समुद्र दूर, त्यामुळे त्याचा उबारा नाही. दुपार आणि पहाट यांच्यात कधी कधी वीस अंशांचा फरक पडतो. वेधशाळेचा आकडा पाहून शिवारातल्या माणसाने 'आपल्याकडे एवढी थंडी नसेल' असे समजू नये. दाट वस्तीपेक्षा मोकळ्या रानात थंडी अधिकच असते. जुन्या माळवदाच्या घरात पहाटेपर्यंत ऊब टिकायची. आता ठिकठिकाणी झालेल्या पत्र्याच्या घरांत ती टिकत नाही.

गरज असलेल्यांची यादी घरोघर सापडेल. जिथे शेतीपंपाला अजून रात्रपाळीची वीज मिळते तिथला शेतकरी. पहाटे धारा काढणाऱ्या बाया. दूध आणि वर्तमानपत्रे वाटणारी मुले. सकाळच्या शाळेला निघालेले विद्यार्थी. कापूस वेचून आधीच बोटे ओरखडलेल्या आणि दवात भिजलेल्या हरभऱ्याची भाजी खुडून आंबेने हात चुरचुरणाऱ्या मजूर स्त्रिया. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजी. आणि सगळ्यांत लहान, सगळ्यांत नाजूक, घरातले तान्हे बाळ. त्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहिते.

लोकर कोणती घ्यावी?

बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती पुष्कळदा ॲक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम धागा. ती स्वस्त, हलकी, रंगीबेरंगी आणि धुवायला सोपी. मुलांच्या रोजच्या वापराला चालेल. परंतु तिचा एक मोठा दोष आहे. विस्तवाजवळ ती वितळते आणि कातडीला चिकटते. चुलीपाशी, शेकोटीपाशी बसणाऱ्यांनी अशा धाग्याचे मोजे हातात घालून बसू नये. मेंढीची खरी लोकर सहसा भडकून पेटत नाही आणि थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. तिच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के इतकी वाफ तिने शोषली तरी हाताला ओले लागत नाही. ओळखायचे असेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवून पाहा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. कृत्रिम धाग्याची मात्र कडक गोळी होते.

आपल्या धनगर बांधवांच्या दख्खनी मेंढीची काळी लोकर घोंगडीला उत्तम. मात्र ती जाड आणि खरखरीत असल्यामुळे नाजूक हातांना टोचते. पण रानात जाणाऱ्या माणसासाठी जीर्ण घोंगडीच्या धडधाकट भागातून दोन पंजे कापून, आतून जुन्या धोतराचे अस्तर लावून शिवले तर असे दणकट हातमोजे होतात की विचारू नका. विणता येत नाही त्यांच्यासाठी हा उपाय.

नवी लोकर परवडत नसेल तर ट्रंकेतला जुना स्वेटर काढा. कोपरावर विरलेला असला तरी पाठीची आणि पोटाची लोकर चांगली असते. ती उसवून लडी करा, कोमट पाण्यात बुचकळून सावलीत टांगा. वळणे निघून जातात आणि धागा पुन्हा सरळ होतो. मोठ्या माणसाच्या एका जोडीला साधारण ६० ते ७५ ग्रॅम लोकर लागते, मुलांच्या जोडीला ३५ ते ४५ ग्रॅम. दोन मोठी माणसे, आजी आणि दोन मुले अशा घराला साधारण २५० ते ३१५ ग्रॅम लोकर लागते.

विणण्याची रीत

खाली स्त्रीच्या हाताचे माप दिले आहे. दोन सुयांवरचे हे विणकाम आहे. ज्यांना सुलट टाका, उलट टाका, वाढ आणि घट एवढे येते त्यांना हे सहज जमेल. साध्या स्वेटरची मध्यम जाडीची लोकर, १० नंबरच्या आणि १२ नंबरच्या सुया घ्याव्यात. आधी छोटा चौकोन विणून पाहा. एका इंचात ६ टाके आणि ८ ओळी यायला हव्यात. टाके जास्त आले तर एक नंबर जाड सुई घ्या, कमी आले तर एक नंबर बारीक.

मनगटपट्टी : १२ नंबरच्या सुयांवर ४८ टाके घाला. एक सुलट, एक उलट अशी वीण ३ इंच घाला. ही पट्टी आखूड करू नका. मनगटापाशी रक्तवाहिन्या त्वचेच्या अगदी जवळ असतात, म्हणून मनगट झाकले की हात लवकर ऊब धरतो. पट्टी स्वेटरच्या बाहीच्या आत जायला हवी.

पंजा : १० नंबरच्या सुया घ्या. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा ४ ओळी विणा.

अंगठ्याची वाढ : पुढच्या सुलट ओळीत २३ टाके विणा, १ टाका वाढवा, २ टाके विणा, १ टाका वाढवा, उरलेले २३ विणा. उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत २३ विणा, १ वाढवा, ४ विणा, १ वाढवा, २३ विणा. अशा रीतीने प्रत्येक सुलट ओळीत वाढ करत मधले टाके १६ होऊ द्या. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून तो पीळ देऊन विणावा, म्हणजे भोक पडत नाही. आता पट्टीपासून अडीच इंच होईपर्यंत वाढ न करता विणा. शेवटची ओळ उलट असावी.

अंगठा : सुलट ओळीत २३ टाके विणा, मग मधले १६ विणा आणि तिथेच काम उलटे फिरवा. फक्त या १६ टाक्यांवर २ इंच विणा. बाकीचे टाके सेफ्टी पिनेवर किंवा जाड दोऱ्यावर ठेवा. शेवटी सुलट ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणून ८ करा, धागा तोडून सुईने या आठांतून ओवा, घट्ट ओढा आणि अंगठ्याची शिवण शिवा.

बोटांची खोळ : सुलट बाजू समोर धरा. पहिले २३ टाके उजव्या सुईवर घेऊन तिथे धागा जोडा. अंगठ्याच्या बुडाशी २ टाके उचला आणि पुढचे २३ विणा. पुन्हा ४८ झाले. पट्टीपासून ६ इंच होईपर्यंत साधे विणा.

शेंडा : सुलट ओळीत ४ टाके विणा, २ एकत्र विणा, असे ओळभर करा. ४० उरतील. उलट ओळ साधी. मग ३ विणा, २ एकत्र. त्यानंतरच्या सुलट ओळीत २ विणा, २ एकत्र. पुढे १ विणा, २ एकत्र. शेवटी ओळभर दोन-दोन एकत्र. प्रत्येक दोन घटींच्या मध्ये एक साधी उलट ओळ. ८ टाके उरतील. धागा त्यांतून ओवून ओढा आणि करंगळीच्या बाजूने शेंड्यापासून पट्टीपर्यंत शिवा. दुसरा मोजा अगदी तसाच. यात डावा-उजवा भेद नाही, हीच या रीतीची सोय.

घरातल्या इतरांची मापे अशी :

चार ते सहा वर्षांचे मूल : ३६ टाके, पट्टी २ इंच, दोन्ही कडांना १७-१७, अंगठ्याचे टाके १२, पट्टीपासून पावणेदोन इंचांवर अंगठा, अंगठा सव्वा इंच, ४ इंचांवर शेंडा सुरू.

आठ ते बारा वर्षांचे मूल : ४२ टाके, पट्टी अडीच इंच, कडांना २०-२०, अंगठ्याचे टाके १४, २ इंचांवर अंगठा, अंगठा दीड इंच, ५ इंचांवर शेंडा सुरू.

पुरुष : ५४ टाके, पट्टी ३ इंच, कडांना २६-२६, अंगठ्याचे टाके १८, पावणेतीन इंचांवर अंगठा, अंगठा सव्वादोन इंच, पावणेसात इंचांवर शेंडा सुरू.

हातमोजा किंचित सैल असावा. घट्ट मोज्याने बोटे आवळली जातात, रक्त फिरत नाही आणि आत हवेचा थर राहत नाही. ऊब टिकते ती या हवेच्या थरामुळेच. संधिवात असलेल्या आजीसाठी तर पुरुषाच्या मापाचा मोजा विणा. सुजलेल्या सांध्यांवरून ओढताना त्रास होत नाही.

तान्ह्या बाळासाठी विशेष काळजी

बाळासाठी अंगठा नसलेली खोळ पुरते. ३० टाके, सव्वा इंच पट्टी, अडीच इंच साधी वीण, मग वरच्याप्रमाणेच शेंडा. पण येथे चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे आतला सुटा धागा. लोकरीचे टोक किंवा आईचा लांब केस आत राहिला तर बाळाच्या बोटाला त्याचा वेढा बसतो. बाळ हात हलवते तसा तो आवळत जातो. बोट लाल, मग निळे होते आणि बाळ का रडते हेच घरच्यांना कळत नाही. वेळीच सोडवले नाही तर बोट गमावण्याची पाळी येते. म्हणून बाळाचा मोजा आतून मऊ सुती अस्तराचा करावा, प्रत्येक वेळी उलटा करून पाहावा आणि दर काही तासांनी काढून बोटे तपासावीत. बाळ थांबता थांबत नसेल तर आधी हातापायांची बोटे पाहा. मोज्याला नाडी किंवा रिबीन लावू नका. ती गळ्यात किंवा तोंडात जाण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट, बाळाच्या हातांवरून थंडीचा अंदाज घेऊ नका. तान्ह्याचे तळहात थोडे गार असू शकतात. आपला हात बाळाच्या पोटाला आणि पावलांना लावा. दोन्ही गरम तर बाळ ठीक. पोट गरम आणि पावले गार, तर बाळाला थंडी बाधू लागली आहे. दोन्ही गार, तर बाळ थंड पडले आहे. हा धोका आहे. त्याला लगेच आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून दोघांना पांघरूण घाला, अंगावर पाजा आणि तसेच दवाखान्यात न्या. आईच्या अंगाइतकी चांगली ऊब कोणत्याही लोकरीत नाही.

बाळ थंड पडणे ही किरकोळ बाब नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. बाळाला ऊब देणे, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखून उपचार, श्वास अडल्यास मदत हे सर्व त्यात होते. त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वाटेने पुढे २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देऊ लागल्या. त्यांना 'बाळ चांगले आहे' म्हणून दारातून परत पाठवू नका. आपल्याकडे जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालण्याची रीत अजून काही घरांत आहे. ती सोडावी. निदान पहिला दिवस तरी अंघोळ नको, नुसते कोरड्या मऊ कापडाने पुसावे.

तिसरी गोष्ट डांबरगोळ्यांची. ट्रंकेतून काढलेले लोकरी कपडे तसेच बाळाला घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो. डांबरगोळ्यांच्या वासाने अशा बाळांच्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कोणत्या बाळाला तो दोष आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवूच नये. त्याऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावा.

आणि चौथी. बाळाला दिवसभर हातमोज्यात ठेवू नका. हात तोंडाकडे नेणे, आईला चाचपणे यातूनच ते शिकते. बाहेर नेताना, पहाटेच्या गारठ्यात मोजे घाला, एरवी हात मोकळे.

हातमोजे कधी काढून ठेवावेत?

ऊब हवी, पण अपघात नको. कडबा कापण्याच्या यंत्रापाशी, मळणी यंत्रापाशी विणलेले हातमोजे कदापि घालू नयेत. धागा अडकला की यंत्र हातासकट ओढून घेते. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला ओल्या मोज्याने हात लावू नये, आणि ओल्या हातानेही लावू नये. दुचाकी चालवताना पिशवीचे मोजे नकोत. ब्रेकवर बोटांची पकड बसत नाही आणि विणीतून वाराही शिरतो. तिथे बोटांचे, चामड्याचे किंवा रेक्झिनचे हातमोजे घ्यावेत. मागे बसणाऱ्याने मात्र खुशाल आपले विणलेले घालावेत. पाण्यात काम करताना मोजे काढून खिशात कोरडे ठेवा, काम झाले की हात पुसून घाला. ओल्या मोज्यापेक्षा कोरडा उघडा हात पुष्कळदा बरा.

हात गारठले तर

गारठलेले हात एकदम विस्तवावर धरू नका आणि खसाखसा चोळू नका. काखेत धरा, किंवा कोमट पाण्यात ठेवा. पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपराने पाहावे. मधुमेह असलेल्यांनी तर हा नियम कधीच मोडू नये. रात्री खोलीची दारे-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात.

थंडीत बोटे लाल होऊन सुजतात, खाजतात, जळजळतात. हा त्रास हात कोरडे आणि ऊबदार ठेवल्याने बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरतो. काहींची बोटे थंडी लागताच पांढरी, मग निळी आणि शेवटी लाल होतात. विशेषतः स्त्रियांत हे आढळते. त्यांनी तपासून घ्यावे. विडी, सिगारेट, तंबाखूने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, म्हणून 'थंडी पळवायला' विडी ओढणे म्हणजे उलटाच कारभार. आणि थंडी गेली तरी हाताचा बधिरपणा गेला नाही, किंवा कातडीवर फिका, न दुखणारा, न खाजणारा चट्टा दिसला तर लाजू नका. कुष्ठरोगाची ती सुरुवात असू शकते. सरकारी दवाखान्यात त्याचा उपचार मोफत होतो आणि वेळीच घेतला तर हात शाबूत राहतात.

भेगा पडलेल्या हातांना रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळून आधी जुने सुती मोजे आणि त्यावर लोकरीचे घालून झोपा. आठवड्यात फरक दिसेल.

प्रत्येकाचा रंग वेगळा

हातमोजे विणताना घरातल्या प्रत्येकाला वेगळा रंग द्या. हे केवळ शोभेसाठी नाही. एकमेकांचे मोजे वापरल्याने खरूज घरभर पसरते. बोटांच्या बेचक्यांत खाज येत असेल, रात्री ती वाढत असेल, तर सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे. मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवावेत, म्हणजे त्यातले किडे मरतात. एरवी मोजे कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवावेत. पिळू नयेत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावेत आणि सावलीत पसरून वाळवावेत.

विणणाऱ्यांनीही स्वतःकडे लक्ष द्यावे. दुपारी अंगणातल्या उजेडात बसा, पाठीला टेका घ्या, अर्ध्या तासाने सुया खाली ठेवून बोटे मिटा-उघडा. रात्री हाताला मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर काही दिवस विणकाम बंद ठेवा आणि दाखवून घ्या.

आपल्याकडची थंडी फेब्रुवारीत भरणाऱ्या उरुसापर्यंत पाठ सोडत नाही. रोज दुपारी तास-दीड तास बसले तर आठवड्याभरात एक जोड सहज होतो. पहिला जोड कोणाचा करायचा हा प्रश्न पडला तर मी सांगते : आज रात्री तुमच्या घरातून पाणी द्यायला जो रानात जाणार आहे, त्याचा.

त्या काकांसाठी मी पुरुषाच्या मापाचा एक जोड विणून दिला. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मोजे बंडीच्या खिशात होते. म्हणाले, "बाई, शेकोटीला बसताना काढून ठिवतो, अन् बसतोबी लांब." औषधाच्या चिठ्ठीवर लिहिण्यासारखे हेच वाक्य आहे.